माझ्या आवाजातलं आमंत्रण

माझी नोकरी माझ्याच आवाजानं खाल्ली, आणि तीसुद्धा घरच्या घरी.

नोकरी तशी फार मोठी नव्हती. जळगावात आमच्या सौभाग्यवतींचा, म्हणजे सुनंदाचा, केळीच्या वेफर्सचा धंदा आहे. कच्ची केळी यावलकडून येतात, मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये बायका ती सोलतात, कापतात, तळतात, आणि खोकी भरून माल पार धुळ्यापर्यंत जातो. या सगळ्यात माझ्याकडे एकच खातं होतं, फोन. फोन यायचा, मी उचलायचो. (त्याआधी माझा टायपिंगचा क्लास होता. तो कॉम्प्युटरनं खाल्ला. म्हणजे यंत्रांना माझी चव आधीच लागलेली होती!)

फोनवर बोलण्यात मात्र मी तरबेज. कोणी नुसतं विचारलं, "वेफर्स काय भाव?" की मी म्हणायचो, "भाव सांगतो हो, पण बोलताय कुठून?"

"पारोळ्याहून."

"पारोळ्याचे? मग आमच्या बापू मास्तरांना ओळखत असाल."

"नाही हो."

"असं कसं? उंच, गोरे, कानावर केस!"

समोरचा माणूस बापू मास्तरांच्या साडूचा कोणीतरी निघेपर्यंत मी त्याला सोडायचो नाही. आणि एकदा निघाला की मग तब्येती, पाऊसपाणी, धाकटीचं कुठं जमलं का, सगळं रीतसर. शेवटी फोन ठेवताना माझं ठरलेलं वाक्य यायचं, "या एकदा घरी, भरीत करू!"

आता हे वाक्य आमच्या खानदेशात कुणी मनावर घेत नाही. हिवाळ्यात तर मुळीच नाही, कारण हिवाळ्यात प्रत्येक जण प्रत्येकाला भरिताला बोलावत असतो. समोरचा म्हणतो, "येऊ ना, येऊ!" आणि फोन ठेवतो. बोलावणारा खूश, न येणारा त्याहून खूश. या एका वाक्यावर मी निम्म्या जिल्ह्याला जेवू घातलंय, आणि एक वांगं भाजलेलं नाही.

सुनंदा आतून ओरडायची, "अहो, ऑर्डर घेतली का?"

"ऑर्डर राहिली गं. पण त्यांच्या आत्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय."

"त्या गुडघ्याचे वेफर्स तळू का मी?"

असं आमचं सुरळीत चाललं होतं. मग दिवाळीला पल्लवी आली. पल्लवी आमची एकुलती एक, पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे. तिनं दोन दिवस माझं बोलणं ऐकलं, तिसऱ्या दिवशी लॅपटॉप उघडला आणि आईला म्हणाली, "आई, यासाठी आता एआय असतं. फोन तेच उचलेल, ऑर्डर तेच घेईल, तुझ्या मोबाइलवर लिहूनही पाठवेल."

"आणि मी?" मी विचारलं.

"तुम्ही आराम करा बाबा."

घरात आपल्याला कोणी आराम करायला सांगितलं की समजून जावं. मी घसा साफ करून म्हणालो, "हे बघ, गिऱ्हाइकाला माणूस लागतो. माझा आवाज ऐकल्याशिवाय त्यांना करमत नाही."

"आवाज तुमचाच असेल की! तुमचे सगळे कॉल मोबाइलमध्ये रेकॉर्ड झालेत. त्यावरून ते तुमचा आवाज शिकेल, बोलायची पद्धत शिकेल. लोकांना वाटेल, तुम्हीच बोलताय."

म्हणजे माझ्याच तोंडानं मला रजा! सुनंदाचे डोळे मात्र चमकले. ती म्हणाली, "महिनाभर बघू. नीट चाललं तर यांची ती खुर्ची मी पॅकिंगला देते. तिथं बायकांना बसायला जागा नाही."

खुर्ची म्हणजे फोनजवळची माझी खुर्ची! टायपिंग क्लासमधून मी वाचवून आणलेली एकमेव वस्तू. तिच्यावर बसलो की मला वाटायचं, अजून आपलं कुठंतरी कार्यालय आहे. ती गेली असती तर मी या घरात नेमका कोण, असा प्रश्न उभा राहिला असता, आणि त्याचं उत्तर मला ऐकायचं नव्हतं.

माझा पडलेला चेहरा बघून पल्लवीला दया आली असावी. म्हणाली, "बाबा, तुमचा एवढा अनुभव आहे. तुम्हीच त्याला एखादा नियम सांगा ना. मी त्यात घालते."

अनुभव म्हटल्याबरोबर मी विरघळलो. (मी फार लवकर विरघळतो.) खुर्चीत ताठ बसलो आणि नियम सांगितला, "लिही. समोरचा माणूस 'बघू', 'घेऊ', 'येऊ' असं मोघम म्हणाला की त्याला तिथं सोडायचं नाही. लगेच दिवस आणि वेळ पक्की करून घ्यायची."

"भारी आहे बाबा!" पल्लवीनं टाइप केलं.

"तुम्हाला स्वतःला जन्मात जमलं नाही ते," सुनंदा म्हणाली.

पल्लवी पुण्याला गेली आणि माझा वारस कामावर रुजू झाला. पहिला फोन आला, आम्ही दोघं स्पीकर लावून ऐकत बसलो. आधी त्यानं घसा साफ केला. माझ्यासारखाच! मग म्हणालं, "नमस्कार, बोला! कुठून बोलताय?" अगदी माझा सूर. समोरचा अमळनेरचा निघाला. यानं त्याचं गाव काढलं, आडनाव काढलं, आईची तब्येत विचारली, आणि हे सगळं चालू असताना मध्येच अलगद ऑर्डरही घेतली! फोन संपायच्या आत सुनंदाच्या मोबाइलवर माल, पत्ता, पोचवायचा वार, सगळं हजर.

सुनंदा हरखली. त्या दिवसापासून ती त्या यंत्राशी जे बोलायला लागली ते मला लग्नानंतर पहिल्यांदाच ऐकायला मिळत होतं. "नाही हो, आज मसाला वेफर्स संपलेत बरं का, तेवढं सांगाल ना लोकांना?" आणि ते म्हणायचं, "हो, लगेच." मग माझ्याकडे वळून, "बघा! एकदा सांगितलं की ऐकतं."

माझं डोकं फिरलं. याला कुठंतरी चुकताना पकडायचंच असं ठरवून मी शेजारी गेलो. शेजारी चौधरी सर राहतात, निवृत्त मास्तर, कुठल्याही भानगडीत आनंदानं पडणारे. त्यांचा फोन घेतला, नाक चिमटीत धरलं आणि आमच्याच दुकानाचा नंबर लावला.

"नमस्कार, बोला! कुठून बोलताय?" मी म्हणालो. म्हणजे ते म्हणालं.

"शिरपूरहून पवार बोलतोय," नाकातून मी.

"शिरपूरचे पवार? वा! शेतीवाडी की नोकरी?"

मी ठोकून दिलं, "शेती. पण काय सांगू, घरचं माणूस आजारी आहे."

"अरे अरे! काय होतंय वहिनींना?"

आता सुनंदाला काहीही झालेलं नव्हतं, पण त्यानं विचारलंच इतक्या मायेनं की मी एक दुखणं सांगितलं. त्यानं धीर दिला. मग मी दुसरं सांगितलं. टायपिंग क्लास बंद पडला तेव्हाचं दुःखही मी शेतीचं म्हणून सांगून टाकलं. ते मध्ये न बोलता सगळं ऐकत होतं, फक्त "हं... हं..." करत होतं. माझ्या घरात माझं इतकं कोणी ऐकून घेतलं नव्हतं. ऐकवता ऐकवता नाकाची चिमटी सुटली, आणि मी दोन खोकी वेफर्सची ऑर्डर दिली!

"पाठवतो," ते म्हणालं. "आणि या एकदा घरी, भरीत करू!"

"येऊ ना, येऊ," मी सवयीनं म्हणालो.

"मग या रविवारीच या. दुपारी बाराला. सहकुटुंब."

"बरं," म्हणून मी फोन ठेवला.

चौधरी सर कानाशी आले होते. "काय झालं? पकडलंत का त्याला?"

डोळे पुसत मी म्हणालो, "चांगला माणूस आहे हो."

यात काही भयंकर आहे हे तेव्हा माझ्या टाळक्यात शिरलंच नाही. वाक्य माझं होतं, त्यामुळे ते कानाला खटकलं नाही. आणि शिरपूरचे पवार काही जेवायला येणार नव्हते, कारण शिरपूरचे पवार चौधरी सरांच्या ओट्यावर बसून चहा पीत होते. (ती दोन खोकी मात्र शिरपूरला जाऊन परत आली. त्यावरून घरात जे झालं ते वेगळं.)

रविवार उजाडला. मी बनियनवर, डोक्याला तेल थापून, अंगणात पेपर वाचत बसलो होतो. तेवढ्यात दारात एक पिकअप गाडी थांबली. तिच्यातून यावलचे नामदेव आबा उतरले. आमची केळी त्यांच्याच बागेतून येतात. त्यांच्या मागोमाग त्यांच्या मंडळी, दोन मुलं, दोन सुना, नातवंडं आणि शेवटी केळीचा एक अख्खा घड उतरला.

"घ्या भाऊ, आलो!" नामदेव आबा म्हणाले.

"या या या!" मी तेल चोपडलेल्या हातानं नमस्कार केला. "आज इकडे कसे काय?"

"कसे काय म्हंजे? तुमीच त बलावलं! बाराले या म्हने. मी म्हनलं उशीर नको व्हायले, म्हून लवकर निंघालो."

मी घरात पळालो. सुनंदा आंघोळ करून केस पुसत होती. "अहो, कोण आलंय? कुणी बोलावलंय यांना?"

"मी नाही!"

"ते तर म्हणताहेत, तुम्ही बोलावलं."

"तो माझा आवाज असेल, मी नव्हतो!"

वाक्य तोंडातून गेलं आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. कोणी 'येऊ' म्हणालं की दिवस-वेळ पक्की करायची. माझा नियम! आणि हे यंत्र हा आठवडाभर प्रत्येक फोनच्या शेवटी 'भरीत करू' म्हणत होतं, समोरचा प्रत्येक जण 'येऊ ना' म्हणत होता...

"सुनंदा," मी म्हणालो, "वांगी आहेत का घरात?"

"दोन आहेत. का?"

मी तिला सांगितलं. तिनं टॉवेल खाली ठेवला आणि अतिशय शांतपणे म्हणाली, "बाहेर जा आणि त्यांना खरं काय ते सांगा. म्हणावं, मशीननं बोलावलं, आमची चूक झाली."

मी बाहेर गेलो. सांगायच्याच बेतात होतो. पण नामदेव आबांनी माझे दोन्ही हात धरले. "भाऊ, एवढी वर्सं तुम्हाले केळी देतो. धंद्यापुरतं सारेच बोलतात. पन असं पोटातून कोनी बलावलं नाही मले." त्यांच्या मंडळींनी पदर डोळ्याला लावला. आता या माणसाला काय सांगू, की आबा, तुम्हाला एका यंत्रानं बोलावलंय? हा पाहुण्याचा केवढा अपमान! आणि वर, माझ्या जागी यंत्र बसवलंय हेही सांगावं लागलं असतं. म्हणजे त्यांचीही अब्रू गेली असती आणि माझीही.

"बसा आबा," मी म्हणालो. "वांगी आणायलाच निघालो होतो."

तेवढ्यात रिक्षा थांबली. चाळीसगावची शांताक्का, माझी मावसबहीण, लेकी-जावयांसह! ती फक्त वेफर्सची चौकशी करायला फोन करते आणि फुकट मागते. तिनं दारातूनच माझ्या गालांवरून हात फिरवून बोटं मोडली. "भाऊ, तू फोनवर इतलं गोड बोलना, मना डोयाले पानी ऊनं. म्हनीसन आम्हीन बठ्ठा ऊनूत! भरीत कोठे शे?" (बठ्ठा म्हणजे सगळे. आणि खरंच सगळे आले होते.)

मग पारोळ्याचे आले. अमळनेरचे आले. बापू मास्तरांच्या साडूकडचे आले. (त्यांना बापू मास्तर माहीत नव्हते, पण मी इतक्या वेळा सांगितल्यामुळे आता तेही स्वतःला नातेवाईकच समजत होते.) चपलांची रांग अंगणातून गल्लीत आणि गल्लीतून चौधरी सरांच्या फाटकात शिरली. मी हात जोडून प्रत्येकाला "या, या" म्हणत होतो आणि तेवढ्यात घरातून माझाच आवाज आला, "हो हो, आजच! निघालात का? अहो, वाट बघतोय!"

सुनंदाच्या मोबाइलचा तो स्पीकर! गेले काही दिवस कौतुकानं तो चोवीस तास चालू असायचा. अंगणातल्या सगळ्या माना घराकडे वळल्या.

शांताक्का माझ्याकडे बघत म्हणाली, "भाऊ, तू तं आठे शे. मंग मझार कोन बोली राहिना?"

"रेडिओ, अक्का," मी म्हणालो.

"रेडिओवर तुना आवाज?"

"नाटक आहे जुनं!" म्हणून मी आत धाव घेतली. सुनंदानं मोबाइल बंद केला होता. आवाज थांबला. पण मग आठवलं, मोबाइल बंद असला तरी ते यंत्र फोन घेतच राहतं, असं पल्लवीनं सांगितलं होतं. तेव्हा आम्हाला त्याचं केवढं कौतुक वाटलं होतं! पल्लवीला फोन लावला तर तिचा मेसेज आला, पिक्चरमध्ये आहे, नंतर बोलते.

मी चौधरी सरांचा फोन घेतला आणि आमच्याच दुकानाला लावला.

"अरे! शिरपूरचे पवारसाहेब!" नंबर त्याच्या लक्षात होता. "निघालात ना? वहिनींना बरं आहे का आता?"

"मी पवार नाही! मी प्रभाकर बोलतोय! या घराचा मालक!"

"वा, प्रभाकर! छान नाव. गाव कोणतं आपलं?"

सुनंदानं फोन माझ्या हातातून ओढला. "मी सुनंदा बोलतेय! आता कुणालाही जेवायला बोलवायचं नाही, ऐकलंत?"

"सुनंदाताई, असं कसं?" माझा तो नालायक आवाज आर्जवानं म्हणाला. "तुम्हीसुद्धा या. सहकुटुंब या."

सुनंदानं फोन ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. तसं ती फक्त करपलेल्या घाण्याकडे बघते. "स्कूटर काढा," ती म्हणाली, "आणि बाजारातली असतील नसतील तेवढी वांगी घेऊन या."

मी बनियनवर शर्ट चढवून सुटलो. भरिताची ती मोठी, हिरवी-पांढरी वांगी ज्या बाईकडे होती तिची अख्खी पाटी उचलली, शेजारणीचीही उचलली. "भाऊ, लगीन शे का?" बाईनं विचारलं. "तेरावं आहे, माझंच," मी म्हणालो. परत येताना पुढे एक गोणी, मागे एक गोणी, आणि मधे मी, अशी वरात गल्लीत शिरली तेव्हा मंडळींनी टाळ्या वाजवल्या.

तुरीच्या वाळक्या काट्या नामदेव आबांच्या मुलांनी पिकअपमधून कुठूनतरी आणल्या. गल्लीतच जाळ केला. मी यजमान म्हणून पहिलं वांगं हातात घेतलं आणि पहिल्याच वांग्यात माझी डावी भुवई गेली. शांताक्कानं मला खांद्याला धरून बाजूला केलं. "सरक तिकडे! मी भाजस!" सुनांनी मिरच्या-लसूण वाटायला घेतलं, सुनंदाच्या कामाच्या बायकांना निरोप गेला, त्या सुट्टीच्या दिवशी कपाळाला आठ्या घालून आल्या आणि पुऱ्या लाटायला बसल्या. चौधरी सरांनी माळ्यावरून त्यांच्या आईची बडजी काढली. बडजी म्हणजे भरीत कुटायचं ते लाकडी भांडं. ते कुटायचं काम माझ्याकडे आलं. तेवढीच माझी लायकी त्या दिवशी ठरली होती.

मी कुटत होतो आणि येणारा प्रत्येक जण वाकून माझं कौतुक करत होता. "भाऊ, हल्ली फोनवर काय सुंदर बोलता तुम्ही!"

"हो का?" (दण!)

"पूर्वी तुम्हीच बोलायचात. आता आमचंही ऐकता."

"असं?" (दण! दण!)

"मनात राग धरू नका, पण पूर्वी कधी कधी कंटाळा यायचा."

बडजीतल्या वांग्याचा पार लगदा झाला. खरं सांगतो, मला रडू यायचं बाकी होतं. वाक्य माझं, आवाज माझा, घसा साफ करायची ढबसुद्धा माझी, आणि कौतुक त्या मेल्याचं! ते तर जेवणारही नव्हतं!

सगळ्यात शेवटी धुळ्याचे रफिकभाई आले. आमचा निम्मा माल एकट्या त्यांच्या दुकानात जातो, त्यामुळे ते आले की सुनंदा कढईसुद्धा जरा हळू आपटते. ते आले ते म्हाताऱ्या आईला घेऊन, खारी-नानखटाईचे डबे घेऊन. "भाऊ, आपने इतने प्यार से बुलाया," ते म्हणाले, "अम्मी म्हणाली, जळगावला जायचंच. गेल्या वर्षापासून ती घराबाहेर पडली नव्हती." अम्मींनी सुनंदाला जवळ घेतलं, तिच्या डोक्यावरून हात फिरवला. सुनंदाचे डोळे भरून आले. (धुरानं असतील. पण धूर तोवर संपला होता.)

जेवणं उरकली तेव्हा ऊन उतरायला लागलं होतं. भरीत अप्रतिम झालं होतं, असं ऐकलं. माझ्यापर्यंत आलं तेव्हा बडजीच्या कडेला लागलेलं उरलं होतं. पाहुणे जाताना सुनंदानं प्रत्येकाच्या हातात वेफर्सचा पुडा दिला, आणि पाहुणे वळल्यावर प्रत्येक पुड्यागणिक माझ्याकडे एकदा बघितलं.

मग पल्लवीचा फोन आला. सगळं ऐकून आधी ती पोट धरून हसली. नंतर म्हणाली, "सॉरी बाबा. पण त्यानं चूक नाही केली. दिलेला नियम पाळला."

"कुणी दिला होता नियम?" सुनंदानं विचारलं.

मी बडजी घासायला घेतली.

पल्लवीनं व्हिडिओ कॉलवर दाखवलं, सुनंदाच्या मोबाइलवर एक बटण होतं. हिरवं केलं की यंत्र बोलणार, लाल केलं की माणूस. ते बटण इतके दिवस आमच्या नाकासमोर होतं! तिनं तो नियमही काढून टाकला. पण सुनंदाचं डोकं तापलं होतं. तिनं बटण लाल केलं आणि म्हणाली, "नको ते मशीन. उद्यापासून फोन तुम्हीच घ्या."

मी जिंकलो! भुवई गेली होती, हाताला फोड आले होते, पण खुर्ची वाचली होती. जगातली मोठमोठी माणसं कामं गमावून बसली असतील, पण या प्रभाकरानं आपली खुर्ची यंत्राकडून परत मिळवली होती.

"पण एक लक्षात ठेवा," सुनंदा म्हणाली. "कामापुरतं बोलायचं. माल, भाव, पत्ता. गावाची चौकशी नाही, नाती शोधणं नाही. आणि भरिताचं नाव काढलंत ना, तर खुर्चीसकट पॅकिंगमध्ये टाकेन!"

सोमवारी सकाळी मी इस्त्रीचा शर्ट घालून खुर्चीत बसलो. सुनंदा समोरच, हातात झारा घेऊन उभी. फोन वाजला. स्पीकरवर रफिकभाई.

"भाऊ, सलाम! कालचं भरीत..."

भरीत! मी दचकून झाऱ्याकडे बघितलं. "नमस्कार," मी घाईनं म्हणालो. "माल किती पाठवायचा?"

"अम्मी रस्ताभर तुमचंच नाव घेत होती..."

"बरं. खोकी किती? पत्ता तोच का?"

रफिकभाई एकदम वेगळ्याच, कोरड्या आवाजात म्हणाले, "अच्छा. मशीन लावलीय होय? आमच्या बँकेतपण अशीच आहे. भाऊंना द्या जरा."

"मीच भाऊ बोलतोय!"

"हां हां, ते पण असंच म्हणतं. असली भाऊ को दो. मशीनला मी ऑर्डर देत नाही."

"रफिकभाई, शपथ घेऊन सांगतो, मी प्रभाकर!"

"किती हुबेहूब आवाज काढतात हल्ली!" ते कोणालातरी म्हणाले. "पण माणूस लगेच कळतो ना. भाऊंना द्या, नाहीतर मी दुसरीकडून माल बघतो."

निम्मा धंदा फोनच्या त्या टोकाला होता. मी सुनंदाकडे बघितलं. सुनंदानं माझ्याकडे बघितलं. मग ती फोनपाशी वाकली आणि गोड आवाजात म्हणाली, "थांबा हं रफिकभाई, भाऊंना बोलावते." आणि तिनं बटण हिरवं केलं.

फोननं घसा साफ केला. "रफिकभाई! पोचलात ना नीट? अम्मींचा प्रवास कसा झाला?"

"हां!" रफिकभाईंचा आवाज खुलला. "आता कसं! भाऊ, ते मशीन बंद करून टाका हो. काही उपयोगाचं नाही."

"केलं की बंद," माझा आवाज म्हणाला.

मी तिथंच शेजारी, खुर्चीत, बंद होऊन बसलो होतो.